साक्षीला जावे की जाऊ नये?



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण कोकणातून, मुंबई-ठाण्यातून आपल्या ट्रंकांबरोबर या देशात आणली. तेथे तिला अर्थ होता. खटला उभा राहिला की तारखांवर तारखा पडत, वकिलाची फी भरता भरता घरातील भांडी विकली जात, आणि निकाल लागेपर्यंत वादी-प्रतिवादी दोघेही म्हातारे होत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांत जमिनीच्या अशा एखाद्या दाव्याची कथा अजून सांगितली जाते. परंतु ही म्हण आपण जमिनीच्या दाव्यापुरती ठेवली नाही. नवऱ्याने हात उगारला, सुनेला रात्री घराबाहेर काढले, तरीही आपण हेच वाक्य उच्चारतो आणि शहाणपणाचे काहीतरी बोललो असे समजतो. गेल्या हिवाळ्यात या पायरीचा प्रश्न माझ्याच दाराशी आला. ज्या बहिणीचा हा विषय आहे तिला हा लेख मी वाचून दाखविला आहे व तिच्या संमतीनेच तो छापण्यास देत आहे. गावाचे नाव मात्र सांगत नाही; दक्षिणेकडील आपली गावे लहान आहेत आणि आपली माणसे एकमेकांना ओळखतात.

ती मूळची ठाण्याची. नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन या देशात आली. तिची सासू ही माझी जुनी मैत्रीण. ठाण्यात आमची घरे एकाच गल्लीत होती. ती मला सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. डी.एड. होऊन मी नुकती शिक्षिका झाले होते, तेव्हा तिच्या मुलाला बाराखडी मीच गिरवायला शिकविली. १९९४ साली आम्ही दोन्ही कुटुंबे काही महिन्यांच्या अंतराने येथे आलो, एकाच उल्पानात हिब्रू शिकलो, आणि पुढे एकाच इमारतीत राहू लागलो. तो मुलगा आता सदतीस वर्षांचा आहे. ज्याच्याविरुद्ध न्यायालयात अर्ज झाला, तो हाच.

मी काय पाहिले ते आधी सांगते, कारण पुढील सर्व विचार त्याच्यावर उभा आहे. तेवेत महिन्यातील एका रात्री, अकराच्या सुमारास, जिन्यावर कोणी रडत असल्याचा आवाज आला. दार उघडले तो ही मुलगी सात वर्षांच्या लेकराला पोटाशी धरून पायरीवर बसलेली. दोघेही अनवाणी. वरच्या मजल्यावरील त्यांच्या घराचे दार आतून लावलेले होते. तिच्या उजव्या मनगटावर बोटांचे वळ होते आणि ओठ फुटला होता. मी दोघांना आत घेतले, चहा केला, मुलाला गोधडीत गुंडाळले. मारताना मी पाहिले नाही, शब्द ऐकले नाहीत. मी पाहिले ते एवढेच.

मुलगा माझ्याच शाळेत दुसरीत आहे. आपणांपैकी जे शिक्षक, परिचारिका वा बालवाडीत मदतनीस आहेत त्यांना ठाऊक असेल, की १९८९ साली या देशाच्या दंडसंहितेत झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, अज्ञान मुलावर त्याच्या पालकाकडून गुन्हा घडला असे मानण्यास सबळ कारण असेल, तर ते समाजसेविकेस अथवा पोलिसांस कळविणे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. शिक्षकाने ते न केल्यास त्याला सामान्य नागरिकाहून अधिक शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेतील वरिष्ठांना व समाजसेविकेला सांगितले. त्यात निर्णय घेण्यासारखे काही नव्हते, कायद्यानेच तो घेऊन ठेवला होता. मात्र कोणी कळविले, हे ताईला माहीत नव्हते.

पुढे समाजसेविकेच्या मदतीने त्या मुलीने कौटुंबिक न्यायालयात संरक्षण आदेशासाठी अर्ज केला. येथे त्याला त्साव हगाना म्हणतात. रविवारी एकतर्फी आदेश मिळाला. असा आदेश दुसऱ्या बाजूचे म्हणणे न ऐकता दिलेला असतो, म्हणून सात दिवसांच्या आत दोन्ही पक्षांसमोर सुनावणी घ्यावी लागते. ती गुरुवारी ठरली. सोमवारी सून माझ्याकडे आली आणि मंगळवारी सासू.

सुनेचे मागणे लहान होते. “मावशी, तुम्ही काही बोलू नका. फक्त माझ्या शेजारी बसा. हिब्रू भराभर बोलायला लागले की मला काही सुधरत नाही.” तिचाच जाण्याचा निश्चय अर्धाकच्चा होता. माहेरून फोन आला होता, की इतकी वर्षे सोसले तशी आणखी थोडी कळ काढ, मुलगा मोठा झाला की नवरा निवळेल. मी तिला एवढेच सांगितले, की अर्ज करणारीच गुरुवारी हजर नसेल तर रविवारचा आदेश टिकणे अवघड आहे. जायचे की नाही हे तुझे तू ठरव, पण हे ठाऊक असू दे.

ताईचे बोलणे लांबले. मी ते येथे प्रामाणिकपणे देते, कारण तिची बाजू पोकळ नव्हती. तिचा मुलगा सुरक्षा रक्षकाची नोकरी करतो. कमरेला पिस्तूल लावून दारावर उभे राहणे, हीच त्याची भाकरी. संरक्षण आदेश निघाला की शस्त्र बाळगण्यास आपोआप मनाई होते, मग ते शस्त्र नोकरीतून मिळालेले का असेना. “पिस्तूल गेले की नोकरी गेली. घराचा हप्ता कोण भरणार? तिलाच, पोरालाच उपाशी राहावे लागेल.” नंतर ती म्हणाली, “तू त्याला अंगाखांद्यावर खेळवलास. त्याच्या समोर उभी राहून तू बोलणार?” आणि जाताना, उंबरठ्यावर, “घरातली गोष्ट दार लावून घरात मिटवायची असते. आपल्यात अशीच रीत आहे.”

दार लावण्याचा हा उल्लेख माझ्या मनातून जाईना. योम किप्पूरला आपले कोकणातील पूर्वज दारफळणीचा सण म्हणत. त्या दिवशी घराची दारे बंद करून माणसे उपास व प्रार्थना करीत, बाहेरच्याशी संबंध ठेवीत नसत. ते दार आपल्या अपराधांचा हिशोब करण्यासाठी लावलेले असे. जिन्यावर मी पाहिलेले दार निराळ्या कारणाने लावलेले होते.

त्या दोन दिवसांत मी एक-दोन वडीलधाऱ्यांना विचारले. एका वृद्ध गृहस्थांनी शेलोम बायित, म्हणजे घरातील शांती, याचा महिमा सांगितला, आणि स्त्रीची साक्ष आपल्या परंपरेत ग्राह्य नाही, तेव्हा तू जाऊन उपयोग काय, असेही सुचविले. परंपरेतील धर्मन्यायाचा तसा सर्वसाधारण नियम आहे, हे खरे. परंतु येथील राज्याने १९५१ साली स्त्रियांच्या समान हक्कांचा कायदा करून कायद्याच्या दृष्टीने स्त्री-पुरुष समान मानले आहेत, आणि हा अर्ज तर कौटुंबिक न्यायालयातच होता. शांतीविषयी म्हणावे, तर पोलंडमधील क्राकाऊचे सोळाव्या शतकातील रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी शुल्हान आरूखवरील आपल्या टिपणात बायकोला मारणे हे शेजाऱ्याला मारण्यासारखेच पाप ठरविले आहे, आणि तो पुरुष ऐकत नसेल तर धर्मन्यायालयाने त्याला शिक्षा करावी, बहिष्कृतही करावे, असे म्हटले आहे. वायिक्राच्या पाचव्या अध्यायाच्या आरंभीच, ज्याने पाहिले वा ज्याला ठाऊक आहे आणि जो सांगत नाही, त्याच्यावर दोष राहतो, असा अर्थ आहे. मी पंडित नाही. शाळेत शिकविताना जेवढे वाचावे लागते तेवढेच वाचलेले आहे. पण त्या गृहस्थांना हे नम्रपणे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “शास्त्र ठीक आहे, पण तुला याच गावात राहायचे आहे.” हे मात्र त्यांचे खरे होते.

बुधवारी मी सुनेच्या वकीलबाईंना भेटले. न्याय मंत्रालयाच्या कायदेशीर साहाय्य विभागाकडून तिला त्या मिळाल्या होत्या. तेथे मला पहिली गोष्ट कळली ती अशी, की मी दोन्ही होऊ शकत नाही. कौटुंबिक प्रकरणे बंद दाराआड चालतात. सोबतीस आलेल्या माणसाला आत बसू द्यायचे की नाही, हे न्यायाधीश ठरवितात. साक्षीदाराला तर आपली पाळी येईपर्यंत बाहेरच थांबावे लागते, म्हणजे दुसऱ्याचे ऐकून त्याच्या साक्षीला रंग चढू नये. तेव्हा मी शेजारी बसले तर बोलता येणार नाही, आणि बोलले तर शेजारी बसता येणार नाही. त्या मुलीला हवी होती सोबत. प्रकरणाला हवी होती साक्ष, कारण त्या रात्रीनंतर तिला पाहणारी बाहेरची व्यक्ती मी एकटीच होते.

मी वकीलबाईंना विचारले, की मला न्यायालयाकडून समन्स काढता येईल काय? त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. समन्स मागता येतो, म्हणाल्या, पण दिवस एकच उरला आहे, आणि तुम्ही आपणहून आलात तर तो लागणारही नाही. मी हे का विचारले ते उघड आहे. समन्स हाती असता तर ताईला दाखविता आला असता, की बघ, मला बोलाविले म्हणून गेले, माझा इलाज नव्हता. आपल्या समाजात कठीण कामे आपण बहुधा अशीच करतो, कोणाच्या तरी हुकुमाच्या आडून. घरी येताना बसमध्ये मी ठरविले, की जायचे तर ताईला स्वतः सांगून जायचे, आणि समाजसेविकेला कळविले तेही मीच, हेसुद्धा सांगायचे. न्यायालयात ते निघणारच होते. तिने ते परक्याच्या तोंडून, हिब्रूत, आपल्या मुलाच्या शेजारी बसून ऐकावे, हे मला सहन झाले नसते.

जाण्याच्या बाजूने शेवटी काय झुकले, असे कोणी विचारील. कायदा नव्हे, शास्त्रही नव्हे. दोन्हीकडे कोण काय गमावणार, हे मी कागदावर मांडून पाहिले, शिक्षकाची सवय. नोकरी जाईल, हे खरे. पण पिस्तूल ज्या घरात रात्री टेबलावर ठेवलेले असते आणि ज्या घराचे दार बायको-मुलाला बाहेर काढून आतून लावले जाते, ते एकच घर होते. ताई पिस्तुलाविषयी बोलली ती नोकरी म्हणून. मी त्याकडे पिस्तूल म्हणून पाहू लागले, आणि मग मला फार वेळ लागला नाही.

त्याच रात्री मी वर जाऊन ताईला सांगितले. ती त्या दिवसांत मुलाच्या घरीच होती. आदेशामुळे तो स्वतः एका मित्राकडे राहत होता आणि सून मुलासह बहिणीकडे. मी बोलत असता ती गव्हाचे पीठ मळत होती, आणि शेवटपर्यंत मळत राहिली. मग म्हणाली, “नातवाला पण उभा करणार का तुम्ही लोक?” तिची सर्वांत मोठी भीती ती होती, हे मला तेव्हा समजले. मी तिला सांगितले, की मुलाला कोणी गुरुवारी आणणार नाही. फौजदारी खटला झाला तरी, १९५५ च्या कायद्यानुसार व त्यातील पुढील सुधारणांनुसार, अशा प्रकरणांत चौदा वर्षांखालील मुलाचा जबाब खास बालतपासनीस घेतो आणि त्याच्या परवानगीवाचून मुलाला साक्षीला उभे करीत नाहीत. तिने मान हलविली. दुसरे काही बोलली नाही.

आपल्या बऱ्याच भगिनी न्यायालयाच्या कल्पनेनेच घाबरतात, म्हणून गुरुवारचे थोडेसे लिहिते. न्यायाधीश स्त्री होत्या. खोली शाळेच्या वर्गाहून लहान. तोरावर हात ठेवून शपथ घ्यावी लागेल, अशी आमच्याकडच्या वृद्ध बायकांची समजूत असते, आणि शपथेला आपण भितो ते योग्यच आहे. परंतु या देशात १९८० पासून साक्षीदाराला शपथ देण्याची जुनी पद्धत बंद झाली आहे. खरे बोल, नाहीतर कायद्यातील शिक्षेस पात्र होशील, अशी ताकीद न्यायाधीश देतात व तू समजलीस काय असे विचारतात. मी समजले म्हटले. बाहेर बाकावर दोन तास बसले, आत दहा मिनिटे होते.

जे पाहिले ते सांगितले. समोरच्या वकिलाने विचारले, “तुम्ही मारताना पाहिले?” मी म्हटले, नाही. “मग वळ कसे पडले हे तुम्हांला माहीत नाही?” नाही. “तुमचे या बाईशी मैत्रीचे संबंध आहेत?” मी म्हटले, माझी मैत्री हिच्या सासूशी आहे, तीस वर्षांहून अधिक. यावर ते क्षणभर थांबले आणि पुढे काही विचारले नाही. तो मुलगा सबंध वेळ टेबलाकडे पाहत होता. मी बाहेर जाताना त्याने वर पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग असेल अशी माझी अपेक्षा होती. पण तेथे राग नव्हता. लहानपणी गृहपाठ न करता येई तेव्हा जसा दिसे, तसा तो दिसला. मला त्याची दया आली, आणि दया आल्याने मी सांगितलेल्यातील एकही शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. दोन्ही गोष्टी एका वेळी मनात असू शकतात, हे मला पूर्वी इतके स्पष्ट कळले नव्हते.

आदेश तीन महिन्यांसाठी कायम झाला. त्याने घरात यायचे नाही, त्रास द्यायचा नाही, शस्त्र ठेवायचे नाही. घर त्याच्या नावावर असले तरी ही मनाई लागू पडते. पुढे मुदत सहा महिन्यांपर्यंत, आणि विशेष कारण असल्यास वर्षापर्यंत वाढविता येते. या आदेशाने माणूस गुन्हेगार ठरत नाही. तो मोडला तर मात्र गुन्हा होतो. सून मुलासह घरी परतली. त्याची नोकरी सुटली, जशी ताई म्हणाली होती. दोन महिन्यांनी त्याला एका गोदामात काम मिळाले, पगार कमी. समाजसेविकेच्या सांगण्यावरून तो कल्याण खात्याच्या कुटुंबातील हिंसा प्रतिबंध केंद्रात आठवड्यातून एकदा जातो. किती मनापासून जातो, ते मला ठाऊक नाही.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. १९७६ साली क्नेसेतच्या सभासद मार्शा फ्रीडमन यांनी मार खाणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न सभागृहात मांडला, तेव्हा त्यांची थट्टा झाली होती. पुढच्या वर्षी हैफा येथे अशा स्त्रियांसाठी देशातील पहिले आश्रयगृह निघाले, आणि कुटुंबातील हिंसा रोखण्याचा कायदा १९९१ साली झाला. भारतात अशा तऱ्हेचा स्वतंत्र दिवाणी कायदा २००५ साली आला. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळजण तो देश सोडून आले तेव्हा तेथे हे दार नव्हते, आणि येथे आल्यावर ते आहे हे आपल्याला कोणी सांगितले नाही. जिला कोर्ट ठाऊक आहे तिला पायरी चढायची की नाही हे निवडता तरी येते. जिला ठाऊक नाही ती निवडत नसते, नुसती बसलेली असते. एखाद्या घरात रात्री पोलीस लागले तर १००, आणि कल्याण खात्याशी बोलायचे असेल तर ११८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. हे दोन आकडे पोटमाळ्यावरील डब्यात ठेवू नयेत, फ्रीजवर चिकटवावेत.

ताईने माझ्याशी बोलणे सोडले. सभागृहात स्त्रियांच्या बाजूला ती आता पुढच्या रांगेत बसते, मी मागे. तिच्या घरी एलियाहू हन्नाबीचा मलिदा झाला, त्याचे आमंत्रण आले नाही. तिघीचौघींनी मला जिन्यात गाठून, तू बरे केलेस, असे हळूच सांगितले, आणि त्यांपैकी कोणीही ते सभागृहात मोठ्याने म्हटले नाही. मी त्यांना दोष देत नाही, पण लिहून ठेवते.

नातू मात्र दर शुक्रवारी दुपारी आजीकडे जातो; सुनेनेच तो परिपाठ ठेवला आहे, आणि त्याबद्दल मला तिचे विशेष वाटते. येताना तो हातात स्टीलचा डबा घेऊन येतो. त्यात कधी करंज्या, कधी नारळाच्या वड्या असतात, आणि त्याच्या आईला देऊन झाल्या की दोन माझ्या दारात आणून देतो. आजीने तशा सांगितल्या असतात की हा पठ्ठ्या आपल्या मनाने देतो, ते मी विचारलेले नाही. आदेशाची मुदत निसानच्या अखेरीस संपते. वाढवून मागायचा की नाही, हे त्याच्या आईने अजून ठरविलेले नाही. तिने विचारले तर मी पुन्हा जाईन, एवढे मी तिला सांगून ठेवले आहे.